मॅरो पेशींनी खच्चून भरलेली, मग रक्तात त्या का नाहीत?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वडील ६८ वर्षांचे, आयुष्यभर शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू. चालताना दम लागतो, पायांना मुंग्या येतात म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ५.८, पांढऱ्या पेशी २,९००, प्लेटलेट ६२,०००. तिन्ही कमी, म्हणून बोन मॅरो केली. रिपोर्टात लिहून आलं की मॅरो पेशींनी भरलेली आहे, तांबड्या पेशींच्या कच्च्या पिढ्या तर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि एकूण चित्र ‘मेगॅलोब्लास्टिक’ आहे. बी-१२ अगदी तळाला. इंजेक्शनं सुरू होऊन आठ दिवस झाले. हिमोग्लोबिन जेमतेम ६.६ वर आलंय आणि ‘रेटिक’ नावाचा कुठलासा आकडा १४ टक्के, लाल अक्षरांत. मॅरोत एवढ्या पेशी आहेत तर त्या रक्तात का दिसत नाहीत, इंजेक्शन लागू पडतंय का आणि तो लाल आकडा कशाचा, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे आज झोप लागेल. या आठ दिवसांतली सगळ्यात चांगली बातमी तो लाल आकडाच आहे. मशीनला एवढंच कळतं की नेहमी ०.५ ते २.५ टक्क्यांत असणारी गोष्ट १४ झाली, म्हणून ते लाल छापतं. हे चौदा टक्के का हवेसे असतात, हे समजायला मात्र हाडाच्या आत काय चालतं ते थोडं सविस्तर पाहावं लागेल.

मॅरो म्हणजे हाडातला मगज, पण मोठ्या माणसाच्या प्रत्येक हाडात तो रक्त बनवत नाही. गर्भात रक्त पहिल्यांदा पीतक-पिशवीत तयार होतं, मग ते काम यकृताकडे जातं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापासून हाडं ते हळूहळू हातात घेतात. जन्मलेल्या बाळाच्या जवळपास सगळ्या हाडांत लाल मॅरो असते. वय वाढतं तशी हातापायांच्या हाडांत चरबी भरत जाते आणि लाल मॅरो मणके, कंबर, छातीचं मधलं हाड, फासळ्या, कवटी आणि मांडीच्या-दंडाच्या हाडांची वरची टोकं एवढ्यापुरती उरते. वडिलांना पालथं किंवा कुशीवर झोपवून कमरेच्या मागच्या बाजूने सुई घातली असेल, ती याच कारणाने. तिथे मॅरो भरपूर असते, हाड कातडीखाली हाताला लागतं आणि आसपास दुखापत व्हावी असा मोठा अवयव नसतो.

उरलेल्या लाल मॅरोतही चरबी असतेच. आमच्याकडे ढोबळ हिशेब असा, की शंभरातून वय वजा करा; जे उरेल तेवढे टक्के जागा पेशींनी व्यापलेली असावी. अडुसष्ट वर्षांच्या माणसाची मॅरो तीसएक टक्के भरलेली दिसायला हवी. वडिलांच्या रिपोर्टात ‘हायपरसेल्युलर’ लिहिलंय, म्हणजे चरबी जवळपास नाहीशी होऊन सगळीकडे पेशीच पेशी. शरीराला रक्त कमी पडतंय हे मॅरोला नीट कळलेलं होतं आणि ती झटून कामालाही लागली होती. दोष पुढच्या टप्प्यावर होता.

सगळ्या रक्तपेशी एकाच मूळपेशीच्या वंशातल्या. ही मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, स्लाइडवर बोट ठेवून दाखवता येत नाही. दिसायला ती एखाद्या साध्या लिम्फोसाइटसारखी (एक प्रकारची पांढरी पेशी) असते आणि संख्येने अगदी थोडी. ती आहे हे कळलं ते तिच्या करणीवरून. टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलॉक हे दोघे उंदरांना किरणोत्सर्ग देऊन त्यांची मॅरो नष्ट करत आणि मग दुसऱ्या उंदराची मॅरो टोचत. काही दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर छोट्या गाठी उठलेल्या दिसल्या. जितक्या पेशी टोचल्या त्या प्रमाणात गाठी, आणि एकेका गाठीत वेगवेगळ्या जातींच्या रक्तपेशी. हे १९६१ सालचं. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढते हे दोन वर्षांनी सिद्ध झालं. आज जी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सर्रास होतात, त्यांचा पाया हाच.

मूळपेशीचं वैशिष्ट्य असं की विभागल्यावर ती आपल्यासारखी एक शिल्लक ठेवू शकते आणि दुसरी पुढच्या वाटेला लावते. त्या दुसरीच्या वंशाला पुढे फाटे फुटतात: तांबड्या पेशी, प्लेटलेट, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि त्यांचे भाऊबंद, लिम्फोसाइट. एकदा वाट ठरली की पेशी भराभर विभागत जाते. निरोगी माणसात रोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी तयार होतात, म्हणजे सेकंदाला वीस लाखांहून जास्त. प्लेटलेट रोज १०,००० कोटींच्या घरात. प्रत्येक विभागणीआधी पेशीला आपला डीएनए पूर्ण उतरवून काढावा लागतो. शरीरात इतका डीएनए रोज उतरवणाऱ्या जागा मोजक्याच. मॅरो त्यांतली पहिली. बी-१२ संपलं की पहिली ओरड इथून का येते, त्याचं मूळ यात आहे.

तांबड्या पेशीचा प्रवास जरा जवळून बघू, कारण वडिलांचा आजार तिथेच पकडता येतो. लीशमन नावाच्या रंगाने रंगवलेल्या स्लाइडवर या वाटेवरची ओळखू येणारी पहिली पेशी म्हणजे प्रोएरिथ्रोब्लास्ट. आकाराने मोठी, कडेला गडद निळा पेशीरस, मध्ये गोल केंद्रक. निळा रंग असतो तो आरएनएचा, म्हणजे प्रथिनं बनवायची यंत्रणा सज्ज आहे, हिमोग्लोबिन अजून नाही. पुढे ती चारेक वेळा विभागते आणि एकीच्या साधारण सोळा होतात. दरम्यान हिमोग्लोबिन भरत जातं. ते रंगात गुलाबी, त्यामुळे निळा पेशीरस आधी राखाडी होतो, मग गुलाबीकडे झुकतो. त्याच वेळी केंद्रक आक्रसत जातं, त्याचा पोत दाट होत जातो आणि शेवटी एक काळा ठिपका तेवढा राहतो. हे दोन्ही बदल जोडीने व्हायला हवेत. स्लाइड वाचणाऱ्याचं निम्मं शिक्षण म्हणजे पेशीरसाचं वय आणि केंद्रकाचं वय वेगवेगळं वाचून ते जुळतंय का हे बघणं.

हे सगळं एकेकट्या पेशीचं काम नसतं. मध्ये एक मॅक्रोफेज, म्हणजे टाकाऊ गोष्टी गिळणारी पेशी, आणि तिच्याभोवती कच्च्या तांबड्या पेशींचं कडं, अशा बेटांमध्ये त्या वाढतात. शेवटी पेशी आपलं केंद्रक बाहेर टाकते आणि तीच मॅक्रोफेज ते गिळून टाकते. केंद्रक गेलेली, पण थोडा आरएनए शिल्लक असलेली जी पेशी उरते तिचं नाव रेटिक्युलोसाइट. तुमच्या रिपोर्टातला रेटिक हाच. प्रोएरिथ्रोब्लास्टपासून इथवर यायला आठवडाभर लागतो. रेटिक आणखी दोनेक दिवस मॅरोत काढतो, रक्तात येतो, दिवसभरात उरलेला आरएनए संपवतो आणि पूर्ण तांबडी पेशी होतो. पुढे साधारण १२० दिवस ती फिरते. म्हणून नेहमीच्या रक्तात रेटिक एक टक्क्याच्या आसपास असतो: रोज जेवढ्या मरतात तेवढ्याच नव्या येतात.

या १२० दिवसांच्या आयुष्याचा एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. पार्व्होव्हायरस बी-१९ नावाचा विषाणू नेमका कच्च्या तांबड्या पेशींवर बसतो आणि आठ-दहा दिवस तांबडं उत्पादन जवळपास बंद पाडतो. निरोगी मुलाला हे कळतही नाही, कारण दहा दिवसांत त्याच्या जेमतेम आठ-दहा टक्के पेशी कमी होतात. पण विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या मुलाच्या पेशी मुळात पंधरा-वीस दिवसच जगतात. तेच दहा दिवस त्याच्या निम्म्या पेशी घेऊन जातात, हिमोग्लोबिन धाडकन कोसळतं आणि रेटिक शून्याजवळ दिसतो. सिकलसेलच्या मुलाचं हिमोग्लोबिन अचानक पडलं की मी पहिल्यांदा रेटिक विचारते तो यासाठी. मॅरो चालू आहे की थांबलीय, हे हिमोग्लोबिनवरून कळत नाही.

मॅरोला ‘वाढवा’ असा निरोप येतो तो मूत्रपिंडाकडून. तिथल्या पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, सोडतात. पेशींना प्राणवायूची कमतरता कळते कशी, या संशोधनाला २०१९ चं नोबेल मिळालं. हे ईपीओ शुद्ध रूपात मिळवण्याची हकिगत मला फार आवडते. अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या (ज्यात मॅरोच रिकामी पडते) रुग्णांच्या शरीरात ते भरपूर असतं आणि लघवीतून बाहेर पडतं. जपानमधल्या अशा रुग्णांची २,५५० लिटर लघवी गोळा करून, आटवून, ताकाजी मियाके ती शिकागोत यूजीन गोल्डवॉसर यांच्याकडे घेऊन गेले आणि १९७७ मध्ये त्यातून काही मिलिग्रॅम शुद्ध ईपीओ हाती आलं. डायलिसिसच्या रुग्णांना आज मिळणाऱ्या इंजेक्शनचा उगम तो. ईपीओचं मुख्य काम कच्च्या पेशींना जिवंत ठेवणं हे आहे. ते नसेल तर त्या आपणहून मरतात. म्हणून ईपीओ वाढलं की मॅरो भरते. वडिलांच्या रक्तातही ते महिनोन्‌महिने चढलेलं असणार.

आता बी-१२. डीएनएच्या चार अक्षरांपैकी थायमिन हे अक्षर बनवायला फोलेट लागतं आणि बी-१२ नसेल तर शरीरातलं फोलेट एका निरुपयोगी रूपात अडकून पडतं. मग थायमिनच्या जागी चुकीचं अक्षर, युरासिल, बसतं. पेशी ते काढून दुरुस्ती करायला जाते, पण योग्य अक्षर हाताशी नसल्याने दुरुस्तीत पुन्हा तीच चूक होते आणि डीएनए तुटत जातो. हिमोग्लोबिन बनवायला मात्र डीएनए नव्याने उतरवावा लागत नाही. ते काम वेळेवर चालू राहतं. परिणामी पेशीरस पिकतो आणि केंद्रक कच्चंच राहतं. स्लाइडवर ही पेशी नजरेत भरते: जरुरीपेक्षा मोठी, पेशीरस गुलाबी, म्हणजे आता केंद्रक काळा ठिपका व्हायला हवं होतं, पण ते मोठं, मोकळ्या पोताचं, चाळणीसारखं दिसतं. मेगॅलोब्लास्ट म्हणतात तो हा.

असल्या पेशी रक्तात पोचत नाहीत. त्यांतल्या बहुसंख्य मॅरोतच मरतात. आजार टोकाला गेला असेल तर हे प्रमाण ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत जातं. निरोगी मॅरोतही काही पेशी अशा वाया जातात, पण थोड्या. म्हणजे ईपीओच्या निरोपाने मॅरो नव्या पेशी जन्माला घालत राहते, त्या अर्ध्या वाटेवर अडकतात, अडकलेल्यांची गर्दी होते आणि बाहेर जवळपास कोणी पडत नाही. तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर हेच आहे. मॅरो भरलेली दिसली म्हणजे रक्त तयार झालं असं नाही.

वडिलांच्या जुन्या कागदांत आणखी दोन खुणा सापडतील. एलडीएच, म्हणजे पेशी फुटल्या की रक्तात उतरणारं एन्झाइम, बहुधा हजारांत गेलं असेल आणि बिलिरुबिन थोडं वर असेल, डोळे किंचित पिवळे. अनेकांची यामुळे काविळीची औषधं सुरू होतात. यकृताचा यात काही दोष नसतो. मॅरोत मेलेल्या पेशींतलं एलडीएच आणि त्यांच्या हिमोग्लोबिनचं झालेलं बिलिरुबिन रक्तात उतरलेलं असतं, इतकंच. कमी हिमोग्लोबिन, वर गेलेलं एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार), चढलेलं एलडीएच आणि तरीही रेटिक खाली, असा मेळ दिसला की मी मॅरोची सुई मागायच्या आधी बी-१२ आणि फोलेट मागते. खरं सांगायचं तर अशा कित्येक रुग्णांना मॅरोची गरजच नसते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तिन्ही जातींच्या पेशी कमी होत्या, वय साठीपुढचं, तेव्हा डॉक्टरांनी ती केली यात मला वावगं वाटत नाही.

इथे मुंबईचा एक धागा आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांमध्ये मोठ्या तांबड्या पेशींचा तीव्र अ‍ॅनिमिया दिसत होता, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम केलं. जंतुसंसर्ग नाही, आहारातली उणीव आहे, इथवर ती पोचली, आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे ब्रेडवर लावायच्या साध्या मार्माइटने, या बायका बऱ्या होतात हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला घटक म्हणजे फोलेट. पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं १९४१ मध्ये आणि अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने चाळीसच्या दशकाच्या मध्यावर ते कृत्रिमरीत्या बनवलं. आज गरोदर बाईला पहिल्या भेटीत मिळणारी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी ही परळच्या त्या कामाची वारस आहे. आमच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात तिचं नाव ओझरतं येतं, याची मला जरा चुटपुट लागते.

पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट का घसरल्या, याचं कारण तेच, कारण डीएनए त्यांनाही उतरवावा लागतो. न्यूट्रोफिलची वाट मायलोब्लास्ट, प्रोमायलोसाइट, मायलोसाइट अशी जाते. मायलोसाइटपर्यंत पेशी विभागते, त्यापुढे नुसती पिकते: केंद्रकाला खाच पडते, ते वाकतं, मग त्याचे तीन-चार तुकडे बारीक धाग्याने जोडलेले दिसतात. हे सगळं व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि रक्तात मात्र ती काही तासच राहते. तयार न्यूट्रोफिलचा मोठा साठा मॅरोत राखीव असतो, म्हणून न्यूमोनिया झाला की काही तासांत काउंट चढतो. बी-१२ च्या कमतरतेत याच पेशीच्या केंद्रकाचे पाच, सहा, कधी त्याहून जास्त तुकडे दिसतात. मॅरो न करता, बोटाच्या टोकाच्या थेंबावरूनही निदानाचा वास येतो तो या पेशीमुळे. स्लाइडवर सहा तुकड्यांचा एक न्यूट्रोफिल दिसला तरी मी तिथे थांबते.

पिकण्याची वाट दुसऱ्या एका तऱ्हेनेही अडते आणि तिचा उल्लेख टाळता येत नाही, कारण तिन्ही पेशी कमी म्हटल्यावर घरच्यांच्या मनात तोच शब्द येतो. तीव्र ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, पेशी विभागते, पण पिकत नाही; कच्च्या पेशींचीच गर्दी वाढत जाते. बी-१२ च्या मॅरोतही कच्च्या, मोठ्या, विचित्र पेशी दिसतात आणि नवशिक्या नजरेला ती ल्युकेमिया किंवा एमडीएस (मॅरोत सदोष रक्तपेशी बनण्याचा आजार) वाटू शकते. फरक केंद्रकाच्या पोतात, ब्लास्टच्या, म्हणजे सगळ्यात कच्च्या पेशींच्या, टक्केवारीत आणि अर्थात बी-१२ च्या आकड्यात असतो. ल्युकेमियाच्या प्रोमायलोसाइटवर अडणाऱ्या प्रकारात, एपीएलमध्ये, वैद्यकाने एक अफलातून गोष्ट केली. १९८८ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी दाखवलं की अ जीवनसत्त्वाचं एक रूप, एट्रा, दिलं की त्या अडकलेल्या पेशी पिकू लागतात. विषाने मारण्याऐवजी पिकवून संपवायच्या. पुढे आर्सेनिकची जोड मिळाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने एकट्या आर्सेनिकवर रुग्ण बरे केल्याचं काम प्रसिद्ध केलं. एकेकाळी दिवसांत जीव घेणारा हा ल्युकेमिया आज सर्वाधिक बऱ्या होणाऱ्या प्रकारांत मोडतो.

प्लेटलेटबद्दल थोडक्यात. मॅरोत मेगाकॅरिओसाइट नावाची अवाढव्य पेशी असते. ती डीएनए पुन्हा पुन्हा दुप्पट करते, पण स्वतः विभागत नाही. सोळापट, कधी चौसष्टपट डीएनए झाला की ती शिरांच्या भिंतीतून लांब शेपट्या रक्तात सोडते आणि त्या तुटून हजारो प्लेटलेट होतात. त्यांचं आयुष्य सात ते दहा दिवस. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूच्या प्लेटलेटवरून जो जीव टांगणीला लागतो, तिथेही मला पपईच्या पानांच्या रसापेक्षा ‘आयपीएफ’ म्हणजे नव्या, कच्च्या प्लेटलेटचा टक्का जास्त उपयोगाचा वाटतो. तो चढला म्हणजे मॅरो सावरली, काउंट दोन-एक दिवसांत मागोमाग येतो. रेटिकचंच हे प्लेटलेटमधलं भावंड.

आता परत तुमच्या लाल आकड्याकडे. इंजेक्शन दिल्यावर पहिला बदल मॅरोत होतो आणि फार लवकर: दोन दिवसांत मेगॅलोब्लास्ट जवळपास दिसेनासे होतात. म्हणूनच मॅरो करायची असेल तर ती बी-१२ चं पहिलं इंजेक्शन देण्याआधी करावी आणि रक्तनमुने तर नक्की आधी घ्यावेत. आधी इंजेक्शन आणि मग तपासणी असा उलटा क्रम झाला, की निदान धूसर होतं. अडकलेल्या पेशी पुढे सरकू लागल्या की तिसऱ्या-चौथ्या दिवशी रेटिक चढू लागतो आणि सहाव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास शिखर गाठतो. तुम्ही बरोबर शिखरावर तपासलंत.

नुसते १४ टक्के बघू नका, कारण टक्का हा उरलेल्या थोड्या पेशींच्या तुलनेतला असतो आणि घाईत बाहेर पडलेले रेटिक रक्तात जास्त वेळ टिकतात. दोन्हींची दुरुस्ती करावी लागते. हिमोग्लोबिन ६.६ म्हणजे हिमॅटोक्रिट, रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, २० च्या आसपास. १४ ला २० ने गुणून ४५ ने, म्हणजे नेहमीच्या हिमॅटोक्रिटने, भागलं की ६.२ येतात. हे दुसऱ्या कारणासाठी पुन्हा दोन-अडीचने भागायचे. उरतात अडीच ते तीन. दोनच्या वर असेल तर मॅरो नीट प्रतिसाद देतेय असं आम्ही धरतो. उपचाराआधीचा रेटिक तुम्ही १.२ टक्के कळवलाय. त्यावर हाच हिशेब केला तर जेमतेम ०.२ च्या आसपास येतात. आठ दिवसांत दसपटीहून जास्त फरक आहे.

ही खूण जुनीही आहे. १९२६ मध्ये मिनो आणि मर्फी यांनी अमेरिकेत याच प्रकारच्या रुग्णांना रोज भरपूर यकृत खाऊ घालून वाचवलं. त्याबद्दल १९३४ मध्ये त्यांना व्हिपल यांच्यासोबत नोबेल मिळालं. यकृतात नेमकं काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. अर्कात गुण आहे की नाही, हे ठरवायचं साधन एकच: रुग्णाला द्यायचा आणि आठवडाभरात रेटिक चढतो का ते बघायचं. बी-१२ चे लाल स्फटिक हाती आले १९४८ मध्ये. तोपर्यंत बावीस वर्षं हा शोध रेटिकच्या मोजणीवरच चालला होता.

हिमोग्लोबिन मागे का पडतं, तेही यातूनच कळतं. नव्या पेशी आताशा बाहेर पडताहेत. इथून पुढे दर आठवड्याला साधारण एक ग्रॅमने ते वाढावं आणि सहा ते आठ आठवड्यांत जागेवर यावं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्याआधीच, एक-दोन आठवड्यांत, सुधारतात. न्यूट्रोफिलचे जादा तुकडे मात्र दोनेक आठवडे दिसत राहतील. त्याची काळजी करू नका. पायांच्या मुंग्या सगळ्यात शेवटी जातील. त्यांना महिने लागतात, आणि फार जुन्या असतील तर पूर्ण जातीलच असं नाही.

काही गोष्टी मात्र बघायला हव्यात. मॅरो जोमाने कामाला लागली की नव्या पेशी रक्तातलं पोटॅशियम ओढून घेतात. एवढ्या तीव्र अ‍ॅनिमियात पहिल्या आठवड्यात ते एकदा तपासलं गेलंय ना, विचारा. लोहही झपाट्याने वापरलं जातं. रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह तांबड्या पेशींना लागतं आणि त्यातलं बहुतेक जुन्या पेशी मोडून मिळतं. साठा मुळात कमी असेल तर दोन-तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन चढायचं थांबतं. त्या वेळी ‘बी-१२ लागू पडेना’ असा निष्कर्ष निघतो आणि खरा गुन्हेगार लोह असतं. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, आता करून घ्या. रक्त चढवावं की नाही हे त्यांच्या हृदयाची स्थिती बघून डॉक्टर ठरवतील, पण या वयात, हळूहळू वाढलेल्या अ‍ॅनिमियात, घाईने पिशव्या चढवल्या तर हृदयावर ताण येतो, हे ठाऊक असू द्या. आणि कोणी ‘फक्त फॉलिक अ‍ॅसिडची गोळी पुरे’ म्हटलं तर ऐकू नका. एकट्या फोलेटने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, मज्जातंतूंचं नुकसान मात्र आत चालूच राहतं.

शेवटचं म्हणजे कारण. वनस्पतींत बी-१२ नसतं, पण दूध-दह्यात असतं, त्यामुळे शाकाहार आणि मेटफॉर्मिन एवढ्यावर हिमोग्लोबिन ५.८ पर्यंत उतरेलच असं मी मानत नाही. आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे का, ते बघा. जठरातून येणारा, बी-१२ शोषून घ्यायला लागणारा इन्ट्रिन्सिक फॅक्टर शाबूत आहे का, यासाठी त्याच्या अँटिबॉडीची चाचणी आणि गरज वाटल्यास एंडोस्कोपी करून घ्यावी. तो नसेल तर इंजेक्शनं जन्मभर. बरं वाटलं म्हणून सहा महिन्यांनी बंद करणारे पुष्कळ जण दोन-तीन वर्षांनी पुन्हा त्याच आकड्यांसह आमच्याकडे येतात. पुढचा सीबीसी आणि रेटिक आणखी आठवड्याने करा. तेव्हा हिमोग्लोबिन साडेसातच्या पुढे गेलेलं असेल आणि रेटिक खाली उतरू लागलेला असेल, तर तो उतार बघून घाबरू नका. शिखर मागे पडलं एवढाच त्याचा अर्थ. कमरेच्या हाडात पुन्हा सुई घालायची गरज मला आत्ता तरी दिसत नाही.